बाथरूमच्या टाइल्सवर आरसा कसा लावायचा? नागपुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात काच आणि फिटिंगचं काम करतो. मनीषनगर, बेसा, मानेवाडा, त्रिमूर्तीनगर या बाजूला माझं जास्त जाणं-येणं असतं, अधूनमधून महालातली जुनी घरंही असतात. नवीन फ्लॅटमध्ये पडदे, किचन, कूलरची जागा सगळं आधी ठरतं आणि बाथरूमचा आरसा गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी आठवतो. मग शेजाऱ्याकडून ड्रिल मशीन येते आणि संध्याकाळी मला फोन येतो, "भाऊ, टाइल तडकली. आता काय करू?" हा फोन छिद्र पाडायच्या आधी यावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून ही उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. आरशाचं वजन टाइलने पेलायचं नसतं, तिच्या मागच्या विटेने पेलायचं असतं. टाइल म्हणजे भिंतीचा वरचा पापुद्रा. तिच्यातून फक्त वाट काढायची आणि तिला जोर लागू द्यायचा नाही.

छिद्र पाडलं की टाइल फुटतेच का?

नाही फुटत. फुटते ती बहुतेक वेळा मशीनचा हॅमर चालू राहिल्यामुळे. हॅमर म्हणजे मशीन बिटला, म्हणजे छिद्र पाडणाऱ्या सळीला, फिरवता फिरवता मागून ठोकेही मारते. वीट आणि काँक्रीटसाठी ते ठीक आहे, पण टाइलचं ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, काचेसारखं असतं, त्याला ठोका सहन होत नाही. मशीनवर हातोडीचं आणि नुसत्या बिटचं अशी दोन चित्रं असतात. टाइल पार होईपर्यंत बटण बिटच्या चित्रावरच हवं.

काम शिकत होतो तेव्हा धरमपेठेतल्या एका घरी माझ्याकडूनच हे झालं. आधी बाहेरच्या भिंतीत कूलरच्या स्टँडची छिद्रं पाडली होती आणि हॅमर बंद करायचा राहून गेला. बेसिनवरच्या टाइलला बिट टेकवला आणि कोपऱ्यापर्यंत तडा गेला. घरच्या काकू एक शब्द बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्या दिवसापासून टाइलला बिट टेकवण्याआधी बटणावरून एकदा अंगठा फिरवतो. अजूनही.

माझ्या भिंतीवर कोणती टाइल आहे हे कसं ओळखू?

बाथरूमच्या भिंतीला दोन प्रकारच्या टाइल्स जास्त सापडतात. सिरॅमिक टाइलला वर चकचकीत ग्लेझ आणि आत मऊसर, भाजलेल्या मातीसारखा गाभा असतो. १२ बाय १८ किंवा १२ बाय २४ इंचाच्या नेहमीच्या भिंतीच्या टाइल्स बहुधा याच. विट्रिफाइड टाइल मात्र आतपर्यंत घट्ट असते, पाणी जवळजवळ पीतच नाही. हल्ली मोठ्या मापाच्या, २ बाय ४ फुटांच्या टाइल्स भिंतीला लावतात, त्या बहुतेक विट्रिफाइड निघतात.

घरात उरलेली एखादी टाइल माळ्यावर किंवा बाल्कनीत पडलेली असेल तर तिच्या मागच्या बाजूला पाण्याचे दोन थेंब टाका. लगेच शोषले गेले तर सिरॅमिक, तसेच उभे राहिले तर विट्रिफाइड. ती उरलेली टाइल जपूनही ठेवा. सरावाला कामी येते आणि वाईट वेळ आली तर बदलायलाही.

बिट कोणता घ्यायचा?

सिरॅमिकला भाल्याच्या टोकाचा टाइल-काचेचा बिट. विट्रिफाइडला डायमंड बिट, जो पोकळ नळीसारखा असतो आणि कडेने घासत जातो. विटेसाठी साधा काँक्रीटचा बिट. भाल्याच्या बिटाने विट्रिफाइडवर जोर लावत बसू नका, दहा मिनिटांत बिट जळतो आणि टाइलवर नुसता पांढरा डाग राहतो. इतवारीत लोहाओळीच्या बाजूला गेलात तर हे सगळे बिट सुटे मिळतात. दुकानदाराला "टाइलचा बिट" एवढंच सांगू नका, "विट्रिफाइड आहे" किंवा "सिरॅमिक आहे" असं नीट सांगा.

छिद्र नेमकं पाडायचं कसं?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी खुणा. आरशाच्या मागे हुक असतील तर त्यावर जुनं वर्तमानपत्र पसरा, हुकाच्या जागी पेनने टोचा आणि तोच कागद लेव्हल लावून भिंतीवर चिकटवा. टेपने अंतर मोजण्यापेक्षा हे बिनचूक होतं. मग खुणेवर मास्किंग टेपचे दोन तुकडे फुलीसारखे लावा आणि खूण त्यावर पुन्हा काढा. टेपमुळे बिट घसरत नाही आणि ग्लेझचे कपचे कमी उडतात.

बिट खुणेवर टेकवून मशीन अगदी कमी स्पीडवर सुरू करा. पहिले अर्धा मिनिट काहीच होत नाही असं वाटेल. तेव्हा जोर लावू नका. ग्लेझ एकदा खरवडलं गेलं की बिटला बसायला खळगा मिळतो, मग हात थोडा घट्ट करा. डायमंड बिट सरळ टेकवला तर भिंतीवर नाचतो, म्हणून तो आधी थोडा तिरका धरायचा, चंद्रकोरीएवढी खाच पाडायची आणि मग हळूहळू सरळ करायचा. कुणीतरी शेजारी उभं राहून स्प्रेच्या बाटलीने बिटवर थोडं थोडं पाणी मारावं, पण पाणी मशीनच्या अंगावर जाता कामा नये. पाणी मारायला माणूस नसेल तर दर वीस-तीस सेकंदांनी थांबून बिट गार होऊ द्या.

आता पडणाऱ्या भुकटीकडे बघा. आधी ग्लेझची पांढरी बारीक पूड येते, मग टाइलच्या गाभ्याची. त्यानंतर मशीन एकदम थोडी आत जाते आणि राखाडी भुकटी येऊ लागते, तो टाइलमागचा सिमेंटचा माल. त्याच्यामागून लाल भुकटी आली की बिट विटेत पोचला. टाइल पार होताना आवाजही बदलतो. किरकिर संपते आणि जाडसर घरघर सुरू होते. त्या क्षणी हात मागे धरायला हवा, कारण पुढे दाबत असाल तर मशीनचं तोंड टाइलवर आपटतं.

माल लागल्यावर मशीन थांबवा, काँक्रीटचा बिट लावा आणि तो टाइलच्या छिद्रात कडेला न घासता आत घाला. हॅमर लागलाच तर इथून पुढे, तोही हलका. खोली आधीच ठरवून बिटवर टेपचा वेढा मारून ठेवा. झालं की छिद्रातली भुकटी फुंकू नका, डोळ्यात जाते. जुन्या टूथब्रशने किंवा पिचकारीने काढा.

पहिलं छिद्र झालं की आरसा त्यावर अडकवून, लेव्हल बघून दुसरी खूण पुन्हा तपासा. दोन्ही छिद्रं एका दमात पाडायची घाई करू नका.

टाइलऐवजी जॉइंटमध्ये छिद्र पाडलं तर?

ऐकायला बरं वाटतं, पण हल्लीचे जॉइंट २-३ मिलिमीटरचे असतात आणि छिद्र ६ मिलिमीटरचं. म्हणजे दोन्ही बाजूंच्या टाइलच्या कडा कापल्या जाणार आणि टाइल कडेलाच सगळ्यात कमजोर असते. त्यापेक्षा कडेपासून किमान एक इंच आत, टाइलच्या पोटात छिद्र पाडा. कोपऱ्यापासून तर आणखी लांब.

टाइलवर वाजवून बघायला का सांगता?

पोकळी शोधायला. काही मिस्त्री टाइलच्या मागे पाच ठिकाणी मालाचे गोळे ठेवतात आणि टाइल दाबून बसवतात. मधल्या जागा रिकाम्याच राहतात. नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. भरीव जागी आवाज बारीक आणि टणक येतो, पोकळ जागी ढब्ब. पोकळ जागी टाइलला मागून आधार नसतो, तिथे तडा जायची भीती सगळ्यात जास्त. खूण दोन इंच सरकवता आली तर सरकवा. आरशाच्या मागे काही दिसणार नसतं.

भिंतीत पाइप किंवा वायर असेल तर?

बेसिनच्या नळाच्या थेट वर आणि गिझरच्या पॉइंटच्या थेट खाली छिद्र नको. पाइप आणि वायर बहुधा सरळ उभे किंवा आडवे नेलेले असतात, त्यामुळे नळ, अँगल कॉक, स्विच, लाइटचा पॉइंट यांच्यामधून मनातल्या मनात सरळ रेषा ओढा आणि त्या रेषांपासून लांब राहा. घराचं काम चालू असताना टाइल लागण्याआधीचे फोटो काढलेले असतील तर सोन्याहून पिवळं. ज्यांचं बांधकाम अजून सुरू आहे त्यांनी आजच जाऊन प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा, शेजारी टेप उघडी धरून.

छिद्र पाडताना बाथरूमचा एमसीबी (मेन बोर्डातला त्या लाइनचा स्विच) खाली पाडा आणि मशीनला दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन घ्या. पायाखाली पाणी नको.

"भुकटी लाल नाही, राखाडीच येते." म्हणजे वीट लागली नाही का?

लागली असेल, पण फ्लायॲशची. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख जवळच असल्याने नागपुरात या विटा भरपूर वापरल्या जातात. भुकटी राखाडी असली तरी पकड चांगली असते. फक्त माल कुठे संपला आणि वीट कुठे लागली हे रंगावरून कळत नाही, तेव्हा खोलीवर भरवसा ठेवा.

उंच इमारतींमध्ये पांढरे हलके ब्लॉक असतात, त्यांची भुकटी पांढरी आणि पिठासारखी येते. तिथे हॅमर अजिबात नको, ब्लॉक आतून भुसभुशीत होतो. त्यासाठी वेगळी, लांब आणि रुंद दातांची नायलॉनची गिट्टी (स्क्रू धरायला छिद्रात बसवायची नळी) मिळते, तीच घ्या.

महालातल्या जुन्या घरांत चुन्यात बांधलेल्या जाड भिंती सापडतात. वीट पक्की पण मधला चुना सैल, त्यामुळे गिट्टी छिद्रात गोल फिरते. अशा वेळी जाड गिट्टी ठोकत सुटण्यापेक्षा छिद्र दोन इंच बाजूला, विटेच्या मध्यावर घेतलेलं चांगलं. लाकडी गिट्टी मात्र बाथरूममध्ये नको. ती ओल पिऊन फुगते आणि टाइलला आतून रेटते, पुढे कुजते ते वेगळंच.

गिट्टी आणि स्क्रू किती मोठे?

आधी आरशाचं वजन काढा. काच १ मिलिमीटर जाड आणि १ चौरस मीटर असेल तर अडीच किलो भरते. म्हणजे ५ मिलिमीटरचा आरसा प्रत्येक चौरस फुटाला साधारण १.१५ किलो. १८ बाय २४ इंचाचा आरसा साडेतीन किलोचा, २४ बाय ३६ इंचाचा सात किलोचा. फ्रेम असेल तर तिचं वजन वेगळं.

आता भिंतीकडून हिशोब करा. टाइल ८ ते १० मिलिमीटर, माल आणि प्लास्टर मिळून आणखी १५-२०. म्हणजे विटेपर्यंत पोचायलाच एक इंच गेला. दीड इंची स्क्रू लावला तर विटेत जेमतेम अर्धा इंच जातो. म्हणून मी बाथरूमला दोन इंच किंवा त्याहून लांब स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आणि त्याला शोभेल अशी लांब गिट्टी वापरतो. साधा लोखंडी स्क्रू एका पावसाळ्यात गंजतो आणि टाइलवर तांबडा ओघळ उतरतो.

यातली एक बारीक गोष्ट बरेच जण विसरतात. गिट्टीचं तोंड टाइलच्या जाडीत राहता कामा नये. स्क्रू आत गेला की गिट्टी फुलते आणि टाइलच्या जाडीत फुलली तर टाइललाच फोडते. छिद्र नीट पडलं आणि शेवटच्या पिळाला टाइल तडकली, असं झालं असेल तर कारण हेच असतं. गिट्टी बसवल्यावर स्क्रूच्या टोकाने तिला टाइलच्या मागे ढकला. स्क्रू घालण्याआधी छिद्रात सिलिकॉनचा एक थेंब सोडा, म्हणजे त्या वाटेने पाणी भिंतीत मुरणार नाही. साडेचार इंची भिंत असेल तर पलीकडच्या बेडरूमचा रंग त्या एका थेंबामुळे वाचतो.

आरशालाच छिद्रं असतील तर काच आणि स्क्रूच्या टोपीमध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर हवाच. शेवटचे पीळ हाताने द्या, मशीनने नको. वॉशर दबायला लागला की थांबा. आणि आरशाला छिद्रं हवी असतील तर ती काचेच्या दुकानातूनच पाडून घ्या. टफन केलेल्या काचेला नंतर छिद्र पडत नाही, ती सगळीच्या सगळी चुरा होते.

आरसा किती उंचीवर लावावा?

बेसिनची कड जमिनीपासून साधारण ३२ ते ३४ इंचांवर असते. तिच्या वर ८-१० इंच सोडून आरशाची खालची कड आली की नळाचे शिंतोडे कमी उडतात. त्यावर २४ इंच उंचीचा आरसा लावला तर वरची कड साडेपाच फुटांवर येते. घरात कुणी सहा फुटी असेल तर त्याचे डोळे त्याच्या वर जातात, मग ३० इंच उंचीचा आरसा घ्यावा. खुणा करण्याआधी घरातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या माणसाला आरशाच्या जागी उभं करून बघा. आजी-आजोबांना हमखास विसरतात.

भाड्याचं घर आहे, छिद्र पाडू देत नाहीत. "चिकटवून टाका ना" म्हटलं तर?

लहान आरसा चिकटवता येतो. तीन चौरस फुटांच्या वरचा आरसा मी नुसत्या चिकटवणुकीवर सोडत नाही, खालून स्टीलची क्लिप देतोच. टाइल खडबडीत किंवा नक्षीची असेल तर लहानही चिकटवू नये, पकड अर्धीच मिळते.

सिलिकॉन न्यूट्रल हवं. नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते ॲसिटिक, ते आरशाच्या मागचा मुलामा खातं. काही महिन्यांनी समोरून काळे पट्टे दिसायला लागतात, अगदी जिथे जिथे सिलिकॉन लावलं तिथेच. सिलिकॉनच्या पट्ट्या उभ्या ओढा, आडव्या नकोत, म्हणजे मागे गेलेलं पाणी खाली वाहून जातं. चारही बाजू कधी बंद करू नका. टाइल आधी साबणाने, मग स्पिरिटने पुसून कोरडी करा. बाथरूमच्या टाइलवर तेल-साबणाचा न दिसणारा थर असतोच.

उन्हाळ्यात सिलिकॉन लवकर वाळतं ना?

उलटं आहे. सिलिकॉन हवेतली ओल घेऊन घट्ट होतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो आणि हवा ठणठणीत कोरडी असते, तेव्हा वरून साय धरते पण आतून सिलिकॉन मऊच राहतं. पावसाळ्यात एक दिवस पुरतो, तर मे महिन्यात मी दोन दिवस आरशाला टेपचा आधार ठेवायला सांगतो. पश्चिमेची भिंत असेल तर काम सकाळी करा, दुपारी ती भिंत हात लावू देत नाही.

आरशाच्या कडा काळ्या का पडतात?

कडेतून ओल मुलाम्यापर्यंत पोचते म्हणून. पण नव्या घरात मला दुसरं कारण जास्त दिसतं, ते म्हणजे ॲसिड. टाइलचं काम संपलं की सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री ॲसिडने भिंती धुतात. त्याची वाफ बंद बाथरूममध्ये साचते आणि आरसा, नळ, स्क्रू सगळ्यांना लागते. बेसाच्या एका फ्लॅटमध्ये मी सकाळी आरसा लावला आणि दुपारी तिथे ॲसिडची धुलाई झाली. महिनाभरात चारही कडांना काळी किनार आली. आता मी आधी विचारतो, "ॲसिडचं काम झालं का?" धुलाई होऊन, भरपूर पाणी मारून, दोन-तीन दिवस खिडकी उघडी राहिली की मगच आरसा लावतो.

रोजच्या पुसण्यासाठी ओलं मऊ फडकं आणि लगेच कोरडं फडकं पुरतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके जात नसतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडक्याला लावा, आरशावर थेट फवारू नका. फवारलेलं पाणी खालच्या कडेला जमतं आणि तिथूनच मुलामा उठायला लागतो.

लाइटवाला आरसा लावायचा आहे.

मग टाइल लागण्याआधी विचार करा. वायर आरशाच्या मागेच निघायला हवी, नंतर टाइलवरून पट्टी फिरवावी लागते. आरसा आयपी ४४ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचावाचा दर्जा) किंवा त्याहून वरचा घ्या, शॉवरपासून लांब लावा आणि घरात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. वायरिंग स्वतः करू नका.

वास्तूप्रमाणे कोणती भिंत?

उत्तर किंवा पूर्व सांगतात. तुमच्या घरी मानत असतील तर बेसिनची जागा ठरवतानाच बघून घ्या, कारण आरसा बेसिनच्या मागे जातो.

टाइल तडकलीच, आता काय?

तडा आरशाच्या मागे झाकला जात असेल आणि टाइल हलत नसेल तर त्यात सिलिकॉन भरून आरसा लावता येतो, मात्र स्क्रू त्या टाइलमध्ये नको. तडा शॉवरच्या बाजूला असेल तर टाइल बदला. पाणी आत जात राहिलं तर शेजारच्या टाइल्सही सुटतात.

जुना चिकटवलेला आरसा काढायचा कसा?

आधी आरशावर पॅकिंग टेप आडवी-उभी, जाळीसारखी भरपूर लावा. फुटला तरी तुकडे अंगावर येत नाहीत. हातात जाड मोजे, डोळ्याला चष्मा, पायात बूट. मग दोघांनी मिळून आरशाच्या मागून बारीक स्टीलची तार वरून खाली करवतीसारखी ओढत आणा, सिलिकॉन कापलं जातं. एकाने आरसा धरून ठेवायचाच. पटाशी घालून उचकटू नका, आरसा आणि टाइल दोन्ही जातात.

निघालेला किंवा फुटलेला आरसा कचऱ्याच्या पिशवीत तसाच टाकू नका. कचरागाडीवरची माणसं पिशवीत हात घालतात. तुकडे जाड पुठ्ठ्यात गुंडाळा, टेप लावा, वर मोठ्या अक्षरात "काच" लिहा आणि गाडी आली की स्वतः हातात देऊन सांगा.